कुलपाचं चित्र

औषधांच्या दुकानातल्या रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या फोनमधून तिचे वडील बोलले. 'फलाट क्रमांक चार,' म्हणाले. मग थोडा वेळ नुसता श्वास, खुर्ची करकरल्याचा आवाज, आणि त्यामागून एका जरा शिष्ट बाईचा आवाज: 'नाही अण्णा. नीट बघा. हे काय आहे?' 'खि... खिडकी.' 'कात्री, अण्णा. कात्री.' त्यानंतर त्या शिष्ट बाईने एक उसासा टाकला, चांगला लांबलचक, आणि म्हणाली, 'पुन्हा.' तिच्या मनात आलं, काय ही बया, आजारी माणसाशी असं बोलतात का कुणी. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती शिष्ट बाई म्हणजे आपणच.

दुकानात नेहमीचा वास होता, खोकल्याच्या औषधाचा आणि नव्या पुठ्ठ्याचा. छतावरची ट्यूबलाइट मधूनमधून फडफडत होती. पुढची बाई साठीकडे झुकलेली, अंगात राखाडी स्वेटर, दंडाला कापडी पिशवी, फोन कानाला न लावता आरशासारखा तोंडासमोर धरलेला. ती हसत होती. तेच फार लागलं. अण्णांच्या बरोबरीने ओठ हलवत, 'खि... खिडकी' म्हणत ती चक्क हसत होती, आणि लपवतही नव्हती. पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावायचा आणि विचारायचं, एवढंच करायचं होतं. पण विचारणार काय? बाई, हे माझे वडील, तुमच्या फोनात कसे शिरले? तेवढ्यात त्या बाईचं काम झालं, पिशवी सावरत ती काचेच्या दारापलीकडे गेली, आणि औषधवाला म्हणाला, 'बोला ताई.' तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तोच बिचारा ओशाळला. औषध न घेताच ती बाहेर पडली.

बाहेर टळटळीत दुपार होती. फुटपाथवर कुणीतरी पाणी मारलं होतं आणि त्या ओल्या फरशीवरून चालताना तिला वाटत होतं, सगळे आपल्याकडेच बघतायत. ज्याच्या त्याच्या हातात फोन. सिग्नलपाशी उभा असलेला तो दाढीवाला, तोही ऐकत असेल. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या त्या दोघी, त्याही. तिने घरात ठेवलेल्या यंत्राचं दार एकदा उघडं राहिलं म्हटल्यावर कोण कोण आत येऊन गेलं हे कसं कळणार? आणि आत होतं काय? सोनंनाणं असतं तर चोराला शिव्या देऊन मोकळी झाली असती. आत अण्णांचं अडखळणं होतं. महिनोन्महिन्यांचं. साबणाला बस म्हणणं, बसला साबण म्हणणं, 'आई' म्हणायला जाऊन घशात अडकून रडणं, सगळं ओळीने, तारीखवार लावून ठेवलेलं.

अण्णा बसस्थानकावर उद्घोषक होते. अख्ख्या शहराला त्यांचा आवाज ठाऊक होता आणि चेहरा कुणालाच नाही, याची त्यांना मोठी गंमत वाटे. दुकानात गेले आणि 'दोन वह्या द्या' म्हणाले की दुकानदार चमकून वर बघायचा, कुठेतरी ऐकलंय असं वाटून. लहानपणी ती आणि दादा शाळेतून परत येताना स्थानकाच्या भिंतीपाशी थांबत. भिंतीपलीकडून अण्णा येत. भारदस्त, सावकाश, एकेक गाव तोंडात घोळवून मग बाहेर सोडणारे. घरीही तीच तऱ्हा. 'जेवण फलाट क्रमांक दोनवर लागलेलं आहे,' असं ते ओरडत आणि आई म्हणे, 'दोनवर ते आणि एकवर काय मी उभी आहे?' आणि मग एका सकाळी दात घासता घासता त्यांचा ब्रश हातातून गळला, तोंड वाकडं झालं, आणि सगळी गावं पुसली गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि तोंडात एकच वाक्य शिल्लक होतं. चहा हवा, फलाट क्रमांक चार. दुखतंय, फलाट क्रमांक चार. इतकी वर्षं रोज म्हटलेलं ते वाक्य म्हणे मेंदूच्या कुठल्याशा वेगळ्या कपाटात असतं, म्हणून ते तेवढं वाचलं. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी हे समजावलं तेव्हा आईने विचारलं, 'माझं नाव नव्हतं का हो त्या कपाटात?'

पहिल्या पहिल्यांदा ते बोलायचा प्रयत्न तरी करत. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात ते साबण आणायला एकटेच गेले, नको म्हणताना गेले, आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, फलाट क्रमांक चार. दुकानात चारदोन गिऱ्हाइकं होती. हसली. अण्णा घरी आले, खुर्चीत बसले, आणि त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. ती शांतता तिला अजून आठवते. ताटात चमचा वाजला तरी दचकायला व्हायचं. आई भांडी मुद्दाम आदळायची, काहीतरी आवाज हवा म्हणून. अण्णांची आणखी एक सवय त्या दिवसांत गेली, आणि तिचं तिला सगळ्यात वाईट वाटलं. घराबाहेर पडताना कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघत. जिना अर्धा उतरून परत वर येत आणि तिसऱ्यांदा ओढत. ती लहानपणापासून त्यावरून त्यांना चिडवत आली होती. आता दवाखान्याला निघताना ते सरळ जिना उतरायला लागले, कुलपाकडे ढुंकूनही न बघता, घरात राखण्यासारखं काही उरलंच नसावं तसे.

उपचारवाल्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, 'रोज बोलते ठेवा. थांबले तर आहे तेही जाईल. आणि रोजचं बोलणं साठवून मला ऐकवा, म्हणजे कुठे अडतंय ते कळेल.' अण्णांना तिने हे विचारलं तेव्हा त्यांनी खूप वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग डाव्या हाताने तिच्याकडे बोट केलं, आईकडे केलं, भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे केलं, बाईंच्या कार्डाकडे केलं, आणि मग त्याच हाताची मूठ वळून तिच्यासमोर धरली. घट्ट. म्हणजे एवढ्यातच राहायला हवं. ती म्हणाली, 'शपथ अण्णा. घराबाहेर जाणार नाही.' आणि दुसऱ्या दिवशी ते 'खिडकी' म्हणाले, कात्रीचं चित्र बघून.

आता ती जिना चढत होती आणि ती मूठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांना कळलं तर ते पुन्हा मिटतील. याउपर कुणाचीही शपथ त्यांना बोलती करणार नाही. जिने संपत नव्हते.

खरं तर त्या शपथेपायीच हा सगळा उपद्व्याप तिने मांडला होता. आवाजाच्या फाइली कुठल्याशा कंपनीच्या जागेत टाकून दादाला आणि बाईंना पत्ता पाठवणं हा सोपा मार्ग होता. पण अण्णांची मूठ तिऱ्हाइताच्या कपाटात ठेवायला तिचं मन घेईना. विमा कंपनीच्या जुन्या कागदांच्या विभागात ती दिवसभर दावे स्कॅन करून यंत्रात चढवायची. तिथल्या संगणकवाल्याच्या मागे लागून तिने एवढं काढून घेतलं की घरातल्या घरात एक छोटं यंत्र ठेवता येतं, त्यावर सर्व्हर चढवता येतो, आणि मग फाइली आपल्याच घरात राहतात. ज्याला आपण येऊ देऊ त्याने बाहेरून यावं, ऐकावं, जावं. साबणाच्या डबीएवढं यंत्र तिने आणलं आणि दारामागे चपलांच्या कपाटावर ठेवलं. सुट्टीचे दिवस त्यापुढे घालवले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एक टिंब चुकलं की सगळं ठप्प. ब्राउझरमध्ये पहिल्यांदा ते साधं पान उघडलं, 'सर्व्हर चालू आहे' एवढंच सांगणारं, तेव्हा ती एकटीच हॉलमध्ये नाचली होती आणि आईने विचारलं होतं, 'नोकरीत बढती का गं?' मग तिने फोल्डर केला, त्याला नाव दिलं फलाट-चार, त्यावर पासवर्ड घातला, पत्त्यापुढे कुलपाचं चित्र यावं म्हणून प्रमाणपत्र मिळवून बसवलं. ते इवलंसं कुलूप दिसलं आणि तिला अण्णांची आठवण झाली. तिने पान दोनदा उघडून बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

मग राहिलं कुठे? शेवटच्या मजल्यावर, हात दाराच्या घंटीवर असताना, तिला आठवलं. दादाचा फोन. दादाला दुसऱ्या शहरातून काही केल्या आत शिरता येईना. 'तुझा हा पासवर्ड घेत नाहीये, मी काय इथे जन्म काढू का?' असं तो ओरडत होता. दोष पासवर्डचा की आणखी कशाचा हे बघायला तिने पासवर्ड मागणाऱ्या ओळीपुढे ते चिन्ह टाकलं होतं, जे टाकलं की यंत्र ती ओळ वाचतच नाही. दादा लगेच आत आला. 'हां, आता झालं,' म्हणाला. आणि नेमकं तेव्हाच न्हाणीघरात अण्णा घसरले. ती धावली, आई धावली, फोन तसाच सोफ्यावर 'काय झालं, काय झालं' करत राहिला. अण्णांना फारसं लागलं नव्हतं. पण ते चिन्ह तिथेच राहिलं. आणि त्यानंतर कुणाचीच तक्रार नाही. असणार कशी? कुलूप नसलेल्या दाराबद्दल कोण तक्रार करतं? तिच्या स्वतःच्या फोनने पासवर्ड लक्षात ठेवला होता, त्यामुळे त्याने तिला विचारलं नाही यातही तिला काही वावगं दिसलं नाही. आणि पत्त्यापुढे ते कुलपाचं चित्र तर रोज दिसत होतंच. त्या चित्राचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी कान लावू शकत नाही. दार लावलेलं आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे तिने वाचलेलं होतं, समजलेलंही होतं, आणि तरी इतके महिने ती त्या चित्रावर विसंबून राहिली.

तिने घंटी न वाजवता आपल्या किल्लीने दार उघडलं आणि चप्पल पायात असतानाच यंत्रापुढे बसली. ती ओळ सापडली. चिन्ह पुसलं. सर्व्हर बंद करून चालू केला. फोनने लक्षात ठेवलेला पासवर्ड पुसून पान उघडलं, तर आता चौकट आली: नाव सांगा, पासवर्ड सांगा. तिने काहीच न लिहिता पुढे ढकलून बघितलं. परवानगी नाही. पुन्हा. परवानगी नाही. हे दोन रुक्ष शब्द तिला त्या घटकेला इतके गोड वाटले की डोळ्यांत पाणी आलं. मग धीर करून तिने नोंदी उघडल्या. कोण आलं आणि काय मागून गेलं हे यंत्र आपणहून टिपून ठेवतं. बघते तर जगभरचे भुरटे येऊन गेले होते. तिजोरी कुठे आहे, मालकाची खोली कुठे आहे, असं या घरात नसलेलं काहीबाही विचारून, कोरं पान बघून हात हलवत परत गेले होते. फलाट-चार असं नाव त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि लगोलग ते गेलंही. कारण त्या फोल्डरात मात्र काही पत्ते, म्हणजे येणाऱ्या फोनांचे ओळख-क्रमांक, येत होते. थोडेच, पण रोज. दादाचा ओळखीचा होता, बाईंचा होता. बाकीचे याच शहरातले. नुसते आकडे, त्यावरून माणूस कळेना. आणि सगळे जास्तीत जास्त वेळा मागत होते ती कात्री-खिडकीचीच फाइल.

'अगं, तू कधी आलीस?' आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, वाटाण्यांची परात कमरेवर. 'आणि नेटला काय झालंय? ह्यांचं ते उघडत नाहीये.'

मागोमाग अण्णा आले. डाव्या हातात टॅब. पाय ओढत, सावकाश. त्यांनी टॅब तिच्यापुढे धरला. नाव सांगा, पासवर्ड सांगा. अण्णांनी त्या चौकटीवर त्याच हाताच्या अंगठ्याचं नख आपटलं आणि म्हणाले, 'कुलूप.'

एकदम स्वच्छ. न अडखळता. हा शब्द सरावाच्या चित्रकार्डांत नव्हता, त्याचं चित्र त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. एरवी तिने आनंदाने घर डोक्यावर घेतलं असतं. आता लपवावं असं क्षणभर वाटलं, आणि मग वाटलं की ह्या माणसापासून आता शब्द लपवणं बरोबर नाही, त्यांच्याजवळ आधीच थोडे आहेत.

'मी लावलंय, अण्णा,' ती म्हणाली. 'लागलेलं नव्हतं. माझ्याकडून राहिलं होतं. आज औषधांच्या दुकानात एका बाईच्या फोनवर तुमचा आवाज ऐकला मी. बाहेर गेलाय तो. मी तुम्हाला शपथ दिली होती आणि...' ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली, आता मूठ वळेल म्हणून.

अण्णांनी आईकडे बघितलं. आईने परातीतल्या वाटाण्यांकडे बघितलं. खोडी पकडलेल्या पोरांचे असतात तसे दोघांचे चेहरे झाले.

'राखाडी स्वेटर होता का?' आईने विचारलं.

'तुला कसं माहीत?'

'मास्तरांची बायको ती. बाईंकडे आपल्याआधी बसतात ते मास्तर, नाही का? उंच, टोपीवाले. त्यांचंही ह्यांच्यासारखंच झालंय. पत्ता मीच घातला त्यांच्या फोनात. शिवणकामवाल्या काकूंच्याही घातला. आणि तो ट्रक चालवणारा आहे ना, त्याच्या बहिणीच्या.'

'आई!'

'आई काय आई? ह्यांनीच सांगितलं. तिथे बाकावर सगळे मुक्यासारखे बसलेले असतात गं, तास तास. एकदा ह्यांनी काय केलं, टॅब काढला आणि लावलं ते कात्रीचं. मोठ्याने. मी म्हटलं झालं, आता तमाशा. तर मास्तर असे हसले, असे हसले! रडले आणि हसले. त्यांच्या बायकोला म्हणे कळेना काय करावं. आपल्यासारखंच चुकणारं कुणी आहे, हे त्यांना कुणी ऐकवलंच नव्हतं ना.'

ती खुर्चीत बसली. कानशिलं गरम झाली होती. राग यायला हवा होता, तो कुठून तरी यायला निघालाही होता, पण वाटेतच तो विरघळत चालला होता. 'तुम्ही मूठ दाखवली होती,' ती अण्णांना म्हणाली. 'मला.'

अण्णा समोर बसले. त्यांनी उजवा हात, तो लुळा, डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. त्या हाताची बोटं आपसूकच आत वळलेली असत. डाव्या हाताने ते एकेक बोट धरून उलगडत गेले, तर्जनी, मधलं, मग पुढची, शेवटी अंगठा. तळवा उघडा झाला. तो तसा दाबून धरून त्यांनी तिच्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाइकं हसल्यावर मिटलेलं ते तोंड आणि हे तोंड एकाच माणसाचं होतं, यावर तिचा विश्वास बसेना. अण्णा मिटणार नव्हते. ती औषधांच्या दुकानापासून घरापर्यंत ज्याला घाबरत आली होती ते घडणारच नव्हतं. ते कधीचेच उघडले होते आणि बसस्थानकावरच्यासारखे रोज कुणाकुणाला गाठत होते. कळलं नव्हतं ते फक्त तिला.

'मग मला का नाही सांगितलंत?'

'तुला सांगितलं असतं तर तू पासवर्ड घातला असतास,' आई म्हणाली.

'अगं, मी घातलाच होता!'

'मग आम्हाला कधी विचारला नाही बाई तो.'

यावर ती जे हसायला लागली ते तिला आवरेना. आई परात सावरत हसली, अण्णा तोंडाच्या एका बाजूने हसले. हसू ओसरल्यावर आई म्हणाली, 'आणि तुला ठाऊक आहे, आजारानंतर मास्तरांच्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला? "पुन्हा." आणि त्याच्या आधी उसासा. तुझा. हुबेहूब तुझ्यासारखा. त्यांची बायको सांगत होती, आता घरात पाणी सांडलं तरी उसासा आणि पुन्हा.'

ती लाजली. तो उसासा तिला किती दिवस बोचत होता. रेकॉर्डिंग परत ऐकताना ती नेमकी तिथे आवाज बारीक करायची. कुणाच्या तरी घरात आता तो पाणी सांडल्यावर वापरत होते, ही कल्पना तिला विचित्र वाटली आणि आवडलीही.

पण दार तसंच उघडं ठेवून चालणार नव्हतं. आई सांगत होती की मास्तरही आता आपला आवाज त्यात ठेवायचं म्हणतायत, काकूही. 'अण्णांनी मूठ उघडली ती त्यांची,' ती म्हणाली. 'मास्तरांची मूठ आपण कशी उघडायची? ते भुरटे रोज दार हलवून जातायत. आज नाव सापडलं नाही, उद्या सापडेल.' अण्णांनी मान हलवली, गंभीरपणे. आणि पुन्हा म्हणाले, 'कुलूप.' यावेळी तो हुकूम होता.

तिने पासवर्ड सोपा केला आणि टॅब त्यांच्यापुढे ठेवला. अण्णांनी एका बोटाने सुरुवात केली. पहिलं अक्षर बरोबर आलं. दुसरं शोधताना बोट पडद्यावर घिरट्या घालत राहिलं, भलतीकडेच उतरलं, मागे आलं. चुकीचा पासवर्ड. दुसऱ्यांदा चुकीचा. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ध्यातच हात मागे घेतला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तिच्या तोंडाशी उसासा आला होता, तो तिने कसाबसा गिळला.

'काय बाई तुझं यंत्र,' आई म्हणाली. 'ह्यांचे शब्द हरवलेत म्हणून तर हे तिकडे जातात. आणि तू दारातच शब्द विचारतेस?'

आईचं हे बोलणं तिच्याबरोबर ऑफिसात गेलं, दाव्यांचे कागद यंत्रात सारताना तिथेच घुटमळत राहिलं. फाटक्या पावत्या, पुसट सह्या, सह्यांच्या जागी अंगठे. अंगठ्यापाशी तिचा हात थांबला. ज्याला सही येत नाही त्याला आपण परत नाही पाठवत, शाई पुढे करतो. संगणकवाल्याला तिने विचारलं, काही लिहायला न लावता ओळख पटवता येत नाही का? तो म्हणाला, 'येते की. सर्व्हरची जशी ओळख असते तशी येणाऱ्याचीही करता येते. प्रत्येकाच्या फोनात एक किल्ली घालून ठेवायची. सर्व्हर ती बघतो आणि दार उघडतो. माणसाला काही लिहावं लागत नाही.' 'आणि फोन हरवला तर?' 'तेवढीच किल्ली रद्द करायची. बाकीच्यांचं चालू.' तिला त्याला मिठीच मारावीशी वाटली. तो चहा प्यायला निघून गेला.

मग ते दिवस फार मजेत गेले. ऑफिसातून आली की ती चपलांच्या कपाटापुढे स्टूल टाकून बसायची आणि अण्णा शेजारी खुर्ची ओढून. ज्या मूळ किल्लीवरून बाकीच्या किल्ल्या घडतात ती तिने या यंत्रात ठेवलीच नाही, वेगळ्या चिपवर ठेवली आणि ती चिप आईच्या शिवणाच्या डब्यात गेली. फोल्डर उघडला की फाइलींची सगळी यादी दिसायची, ती बंद केली. वाचता न येणाऱ्यांना तिचा उपयोगही नव्हता. त्याऐवजी तिने चित्रांचं पान केलं. कात्रीवर बोट ठेवलं की कात्रीचं ऐकू येणार, बसवर ठेवलं की बसचं. चित्रं अण्णांनी निवडली. सर्व्हरला जेवढं लागतं तेवढंच एक दार बाहेरच्या बाजूने उघडं ठेवून बाकीची सगळी तिने बुजवली. अण्णा मधूनच पडद्यावर बोट दाखवून भुवया उंचावत, म्हणजे हे लावलंस का. ती म्हणायची, 'लावलं, अण्णा.' ते पुन्हा बोट दाखवत. ती पुन्हा बघायची. कितीतरी महिन्यांनी घरात कुणीतरी तिला तपासून घेत होतं, आणि त्याचा तिला कंटाळा येत नव्हता.

बाईंच्या दवाखान्यातली बाहेरची खोली लांबोडकी होती, भिंतीशी बाक, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि एक घड्याळ, जे नेहमी पुढे असे. ती आत जाऊन 'नमस्कार' म्हणाली तेव्हा राखाडी स्वेटरवाली बाई उठून उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, 'तुम्हीच ना त्या? आवाजावरून ओळखलं मी.' तिला सांगावंसं वाटलं की मीही तुम्हाला ओळखते, त्या दिवशी दुकानात मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले. तिने फक्त ते हात थोडा वेळ सोडले नाहीत. मग ती बाकावरून सरकत सरकत एकेका फोनात किल्ली घालत गेली. काकूंचा, ट्रकवाल्याच्या बहिणीचा, शेवटी मास्तरांचा. एकदा 'हो' वर बोट ठेवायचं, बस. प्रत्येकाच्या फोनवर ती चित्रं उघडली. कुणी काही लिहिलं नाही, कुणाचे कान लाल झाले नाहीत. काकूंनी बसवर बोट ठेवलं आणि अण्णांचा आवाज त्या खोलीत घुमला: 'साबण.' काकू खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, 'ब... बस.'

आणि मग अण्णांनी तिच्यापुढे हात केला. तिला आधी कळेना. त्यांनी तिच्या पर्सकडे बोट दाखवलं. पर्समध्ये तिचा जुना फोन होता, कुलूप तपासून बघायला आणलेला, ज्यात मुद्दाम किल्ली घातली नव्हती. तिने तो पत्ता उघडून दिला. अण्णांनी फोन मांडीवर घेऊन बोट ठेवलं. परवानगी नाही. सगळे वाकून बघत होते. अण्णांनी फोन मांडीवरच जरा पुढे सरकवला, मान तिरकी केली, आणि पुन्हा बोट ठेवलं, यावेळी दाबून, थोडा हिसका देत. जिन्यावरच्या त्या कुलपाला द्यायचे तसा. परवानगी नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं.

'बंद,' अण्णा म्हणाले. समाधानाने. आणि फोन तिला परत द्यायला हात पुढे केला.

बाकाच्या टोकाला मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. आणि एक उसासा टाकला, चांगला लांबलचक.

'पुन्हा,' मास्तर म्हणाले.

अख्खी खोली हसली. ती सगळ्यांत मोठ्याने हसली. आणि अण्णांनी तिसऱ्यांदा ओढून बघितलं.